वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : जनगणना कार्यालयातला संगणक

प्रश्न : युनिव्हॅक हा सुरुवातीचा संगणक अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने घेतला. आकडेवारीचे खाते यात इतके पुढे कसे?

उत्तर : कारण यंत्रावर मोजणी करायची सवय तिथे साठ वर्षांची होती. १८८० च्या जनगणनेची मोजदाद हाताने झाली आणि ती संपवण्यात जवळपास दशक गेले. म्हणून १८९० साली हर्मन हॉलेरिथ यांची यंत्रे भाड्याने आणली. माणशी एक कार्ड, उत्तराप्रमाणे त्यात भोके. कार्ड दाबणीखाली ठेवून मूठ खाली ओढली की स्प्रिंगच्या पिना भोकांतून खालच्या पाऱ्याच्या वाट्यांत बुडत, वीजमंडळ पुरे होई आणि त्या त्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. पुढे भाड्यावरून हॉलेरिथ यांच्याशी बिनसले, तेव्हा कार्यालयाने यंत्रे बनवणारा स्वतःचा कारखानाच काढला. तिथे जेम्स पॉवर्स यांनी घडवलेली यंत्रे १९१० च्या जनगणनेत चालली. आमच्या मते संगणक विभागाची खरी सुरुवात हा कारखानाच आहे. ३१ मार्च १९५१ ला युनिव्हॅक ताब्यात आला, तेव्हा रकाने आखणारी, सांकेतिक अंक ठरवणारी आणि पडताळणी करणारी माणसे घरातच तयार होती. मात्र १९५० च्या जनगणनेसाठी तो उशिराच आला. बहुतेक तक्ते कार्डांच्या यंत्रांवरच निघाले.

प्रश्न : १९५० च्या त्याच तक्त्यांत चौदा वर्षांचे विधुर दिसतात म्हणे. हे कसे शक्य आहे?

उत्तर : दिसतात, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. ॲन्स्ली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९६२ मध्ये त्याचा छडा लावला. कार्डावरचे रकाने ओळीने असे होते : कुटुंबप्रमुखाशी नाते, वंश, लिंग, वयाचे दोन अंक, वैवाहिक स्थिती. भोके पाडताना काही कार्डांवर सगळी नोंद एक रकाना उजवीकडे सरकली. आता ४३ वर्षांचा पुरुष घ्या. पुरुषाचा सांकेतिक अंक १. तो वयाच्या दशकाच्या जागी गेला, दशकाचा ४ एककाच्या जागी आला, म्हणजे वय झाले १४. उरलेला ३ वैवाहिक स्थितीत जाऊन पडला. असा अंक विधुराच्या सांकेतिक अंकाशी जुळला की चौदा वर्षांचा विधुर तयार! याच सरकण्याने ‘मूल’ हा नात्याचा अंक वंशाच्या रकान्यात गेला आणि तिथे त्याचा अर्थ ‘अमेरिकन इंडियन’, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, असा लागला.

प्रत्येक रकाना वेगळा तपासला तर ही चूक सापडत नाही. प्रत्येक अंक आपल्या जागी वैधच असतो, माणसांची एकूण बेरीजही बिघडत नाही. अशी कार्डे एकूणात अगदी थोडी होती, पण खरे चौदा वर्षांचे विधुर जवळजवळ नसतातच. त्यामुळे मोठ्या गटातून लहान गटात गळालेली इतकीशी चूकही त्या लहान गटाचा आकडा पार बुडवते. आकडेवारीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पक्के लक्षात ठेवावे : दुर्मीळ गटाचा आकडा आधी संशयाने पाहायचा.

यावर उपाय म्हणजे दोन रकाने एकमेकांशी ताडून पाहणे, आणि संगणक इथे खरा उपयोगी पडला. वय व वैवाहिक स्थिती जुळत नसेल तर तो नोंद अडवतो. उत्तर गाळलेले असेल तर नुकत्याच हाताळलेल्या, तशाच लक्षणांच्या माणसाचे उत्तर भरतो. या पद्धतीला ‘हॉट डेक’ म्हणतात. पहिल्याच नोंदीत उत्तर नसेल तर उसने कुठून घेणार? म्हणून सुरुवातीची मूल्ये आधी भरून ठेवावी लागतात. अशी भरलेली उत्तरे किती, याची मोजदाद वेगळी ठेवली नाही तर वाचणाऱ्याची फसगत होते.

भोके पाडण्याचे हे काम १९६० मध्ये बहुतांशी टळले. उत्तरासाठी जनगणनेच्या अर्जावरची छोटी वर्तुळे काळी करायची, कागदांची मायक्रोफिल्म काढायची आणि ती फॉस्डिक नावाच्या यंत्राने प्रकाशाच्या झोतात वाचून थेट चुंबकीय टेपवर उतरवायची.

प्रश्न : त्या १९६० च्या टेप आता वाचताच येत नाहीत, सगळी जनगणना गेली, हे खरे का?

उत्तर : नाही. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आकडेवारीच्या जपण्याजोग्या मालिका निवडल्या. त्या ६४२ रिळांवर होत्या आणि ती रिळे वाचणारी यंत्रे तोवर कालबाह्य झाली होती. तरी १९७९ पर्यंत ६४० रिळांची नव्या टेपवर नक्कल झाली. शिवाय मूळ अर्जांची मायक्रोफिल्म शाबूत आहे. टेप खराब होण्याआधी ती चालवणारे यंत्रच नाहीसे होते, म्हणून यंत्र मोडीत काढायच्या आधी नक्कल करून तिच्यावरच्या नोंदी मूळ टेपच्या नोंदींशी मोजून जुळवाव्या लागतात.