लिंटेल आणि लिंटेल बँड एक नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: औशाजवळ एकमजली घर, 9 इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. कंत्राटदार म्हणतो, दारं-खिडक्यांवर लिंटेल (वरचं वजन पेलणारी आडवी तुळई) टाकतोच आहोत, मग भूकंपासाठी त्याच पातळीवर सगळ्या भिंतींवरून सलग पट्टा, म्हणजे लिंटेल बँड, कशाला? फार तर विटांच्या दर चार थरांनी सांध्यात आडवी सळई टाकू. माझं उत्तर: पट्टा सलगच घ्या. चार थरांची सळई कोपऱ्यांत जरूर टाका, पण ती पट्ट्याची जागा घेत नाही.

1994 मध्ये मी किल्लारी परिसरात पुनर्वसनाच्या कामावर होतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास भूकंपात जी घरं बसली, ती बहुतेक माळवदाची होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचा भलामोठा थर. भिंतीचे आतले-बाहेरचे पदर जोडणारे आरपार दगडच नव्हते, त्यामुळे पदर सुटले आणि वरचं ओझं खाली आलं. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. 2002 च्या सुधारणेत तो तिसऱ्यात गेला. तुमच्या विटा सिमेंटच्या मालात आहेत, तुमची गत तशी होणार नाही. पण कोपरा सुटला की भिंत एकटी पडते, हे विटांच्या भिंतीलाही तितकंच लागू आहे.

धक्का ज्या दिशेने येतो त्या दिशेला लांबी असलेली भिंत तो पेलते. तीच शिअर वॉल. तिला काटकोनात असलेली भिंत मात्र दारासारखी आत-बाहेर झुलते आणि कोपऱ्यात उभी चीर पडते. सलग पट्टा या झुलणाऱ्या भिंतीला धरून तिचा भार शेजारच्या दोन भिंतींवर नेतो. सुटं लिंटेल फक्त खिडकीवरचं वजन उचलतं, या कामात त्याचा काही उपयोग नाही. दोन खिडक्यांमधल्या भागात फुलीसारख्या तिरप्या चिरा पडतात, तिथे आडव्या सळईचा फायदा आहे. पण तो भागच अरुंद ठेवलात तर सळई काय करणार? खिडकी कोपऱ्यापासून निदान दीड फूट लांब ठेवा.

आता चार थरांच्या सळईबद्दल. आयएस 4326 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे पट्ट्याऐवजी विटांच्या सांध्यात सळई घालता येते, पण तिच्याभोवती सगळीकडून किमान 10 मिमी माल हवा. म्हणजे 8 मिमीच्या सळईला 28 मिमीचा सांधा! गवंडी 10-12 मिमीचा सांधा धरतो, सळई विटेवर टेकते, वरची वीट तिच्यावर डुगडुगते, माल पोकळ राहतो आणि पुढे गंज. त्यापेक्षा काँक्रीटचा पट्टा सोपा.

माप असं: रुंदी भिंतीइतकी, जाडी 75 मिमी, खोलीची लांबी 5 मीटरपर्यंत असेल तर 8 मिमीच्या दोन सळया, दर 150 मिमीवर 6 मिमीची कडी. खिडक्या-दारांवर लिंटेलची म्हणून लागणारी सळई आणि जाडी वेगळी द्या. भिंतींची एकूण लांबी 60 मीटर धरली तर जेमतेम एक घनमीटर काँक्रीट आणि लॅपसह (दोन सळया जोडताना एकमेकींवर चढवलेला भाग) 50-55 किलो 8 मिमीची सळई, कड्या वेगळ्या. त्यातला दारं-खिडक्यांवरचा भाग तुम्ही नाहीतरी ओतणारच होता.

कस लागतो तो कोपऱ्यात. मागे एका साइटवर गेलो, तर पट्टा झकास दिसत होता, पण कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या सळया हुक मारून तिथेच संपवलेल्या. सेंट्रिंग खोलायला लावलं. बाहेरची सळई कोपऱ्यावरून वळून पुढच्या भिंतीत जायलाच हवी. मी व्यासाच्या 50 पट, म्हणजे 8 मिमीला 400 मिमी लॅप घेतो. आतली सळई आतल्या कोपऱ्याला वळवून पुढे नेऊ नका: ताण आला की ती सरळ व्हायला बघते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. ती पलीकडच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या आणि तिथे वळवा. आतल्या भिंती जिथे मिळतात तिथेही हेच.

स्लॅब भिंतीच्या पूर्ण जाडीवर टेकत असेल तर त्याखाली वेगळा पट्टा लागत नाही. पत्रा असता तर लागला असता, त्रिकोणी भिंतीवरही. तुमच्याकडे काळी माती आहे, म्हणून जोत्यावरचा पट्टा मात्र सोडू नका. ओल अडवायलाही तो कामी येतो. चारही कोपऱ्यांत पायापासून स्लॅबपर्यंत 10 मिमीची एक उभी सळई मी एकमजली घरातही टाकतो, पट्ट्याच्या आतून.

आणि इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा, पाइपसाठी कटर पट्ट्यावर चालवायचा नाही. स्वयंपाकघराची खिडकी उंच म्हणून तिथे पट्टा तोडूनही घेऊ नका. सगळ्या खिडक्यांची वरची पातळी एकच ठेवा.

ओतण्याआधी चारही कोपऱ्यांचे वरून घेतलेले फोटो टाका, मी बघून सांगतो.