टॉवरला विरोध करायचाय ना, मग आधी गल्ली मोज

अगं, आपल्या कोपऱ्यावरच्या नव्या टॉवरविरुद्ध वॉर्ड ऑफिसला द्यायच्या पत्राचा तू पाठवलेला मसुदा वाचला. पाच पानांतली तीन पानं टॉवर किती उंच आहे यावरच घालवलीयेस, ऊन अडणार, वारा अडणार, आणि मग ते 'परिसराची संस्कृती बिघडणार'. राग कळतो गं. इतकी वर्षं मुलुंडात काढली मी, एका सकाळी कोपऱ्यावर निळे पत्रे लागतात आणि आतलं जांभळाचं झाड गायब असतं, तेव्हा काय होतं ते सांगायला नको मला. पण हे पत्र घेऊन वॉर्ड ऑफिसला गेलीस तर ते गोड बोलतील, इनवर्डचा शिक्का मारून देतील आणि विषय तिथेच संपेल.

कारण एकेका बिल्डिंगची परवानगी देताना शेजाऱ्यांना विचारायचं असं आपल्या कायद्यात नाहीच. प्लॉट नियमात बसतोय ना, मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळते. लोकांना विचारतात ते नियम बनवताना, 1966 च्या एमआरटीपी, म्हणजे नगररचनेच्या कायद्याखाली विकास आराखड्याचा मसुदा येतो किंवा नियमात फेरबदल करायचा असतो तेव्हा, साधारण महिनाभराची मुदत देऊन, पेपरात कुठेतरी बारीक टायपात जाहीर सूचना छापून. ती सूचना कोण वाचतं? बिल्डरचा आर्किटेक्ट वाचतो. आपण टॉवर दिसायला लागला की जागे होतो, तोवर खेळ संपलेला असतो.

आणि हरकतींनी काही होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला 2015 ची आठवण करून दे. फेब्रुवारीत मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, काही ठिकाणी तर 8 पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) होता त्यात, शिवाय चुका इतक्या की उभ्या बिल्डिंगांवरून रस्ते दाखवलेले. लोकांनी हजारोंनी हरकती टाकल्या, गिरगावपासून गोराईपर्यंत मीटिंगा झाल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच मागे घ्यायला लावला. नव्याने करून तो लागू व्हायला 2018 उजाडलं. त्या लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून 'हे चुकलंय' असं बोट ठेवून दाखवलं होतं, म्हणून ते ऐकावं लागलं.

आता उंचीचं. तुझं म्हणणं की टॉवर आला म्हणजे गर्दी आली. मुंबई शहर जिल्हा घे, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा. 2001 च्या जनगणनेत 33.38 लाख माणसं होती, 2011 मध्ये 30.85 लाख. याच दहा वर्षांत परळ-लोअर परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते! माणसं कमी झाली कारण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहायचे, ती कुटुंबं डोंबिवली-विरारला गेली, आणि वरच्या मोठ्या फ्लॅटांमध्ये तीन माणसं आणि दोन गाड्या. म्हणजे माणसं घटली तरी रस्त्याचा त्रास वाढू शकतो, तुझ्या मसुद्यात गाड्यांबद्दल एकच ओळ आहे ती वाढव.

दुसरीकडे गोवंडी-मानखुर्दला जाऊन ये एकदा, नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या सात-आठ मजली इमारती, टॉवर म्हणायलाही कुणी धजणार नाही, पण दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. दुपारी बारा वाजता खालच्या मजल्यावर ट्यूबलाइट लावावी लागते. तिथे अभ्यास झालाय, टीबीचे पेशंट खालच्या मजल्यांवर जास्त सापडले. माणसाला मारतं ते हे अंतर, आणि त्याबद्दल कुणी मोर्चे काढले नाहीत कारण तिथे आपल्यासारखी माणसं राहत नाहीत.

म्हणून सांगतो, प्लॅनमध्ये मजले मोजत बसू नकोस, मार्जिन बघ. प्लॅन महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणारं प्राधिकरण) साइटवर असतो, नसला तर आरटीआय टाक. चारी बाजूंनी किती मोकळं सोडलंय, कुठे कमी सोडून प्रीमियम भरलाय (हो, मोकळी जागा कमी पडली तर पालिका पैसे घेऊन सूट देते, अशी पण सोय आहे), फायर ब्रिगेडची गाडी वळणार कशी, हे विचार.

आणि गल्ली मोज. उपनगरात रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय 1, 9 किंवा जास्त असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम धरून 2, रुंदी वाढली की अजून थोडा, वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम. सगळा धंदा त्या 9 वर आहे. डीपी रिमार्क, म्हणजे आपल्या प्लॉटबद्दल विकास आराखड्यात काय लिहिलंय तो कागद, ऑनलाइन मिळतो, त्यात रस्ता किती लिहिलाय बघ आणि मग रात्री साडेनऊला टेप घेऊन उतर, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात तेव्हा, बाप्पाच्या मंडपाची जागा, इस्त्रीवाल्याची टपरी, विजेचा खांब सगळं धरून मोज. कागदावरची रुंदी आणि जाता येते ती रुंदी यातला फरक फोटोसकट लिही. पाण्याचं पण तसंच, माणशी दिवसाला 135 लिटर हा हिशोब असतो, आपल्याकडे पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं, प्रेशर कसं, टँकर किती येतात, दहा सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडून लिहून घे.

एक गोष्ट जरा कडू आहे. मुलुंड पूर्वेला केळकर कॉलेजच्या बाजूला प्रकल्पग्रस्तांची सात हजारांवर घरं येणार म्हटल्यावर जो विरोध झाला त्यातले निम्मे मुद्दे मला पटले, स्टेशन, नाला, रस्ता, सगळं खरंय. पण व्हॉट्सॅपवर 'कसली लोकं येतील' हे जे सुरू झालं ना, तिथे मी ग्रुप म्यूट केला. ती लोकं म्हणजे ज्यांची घरं आपल्याच रस्त्यासाठी, नाल्यासाठी तुटतात ती. आणि आपली सोसायटीसुद्धा बंगला पाडूनच झालीये, तेव्हाही कुणाची तरी हवा अडलीच असणार. अजून चार वर्षांत आपण स्वतः रिडेव्हलपमेंटला जाणार, 51 टक्के संमती झाली की झालं, तेव्हा शेजारची सोसायटी हेच पत्र आपल्याविरुद्ध काढेल.

तर सह्या गोळा करणं थांबवू नकोस. फक्त पान दोनवरचा संस्कृतीवाला परिच्छेद उडव, त्या जागी पाण्याचा तक्ता टाक, मागणीत 'टॉवर रद्द करा' ऐवजी 'आधी रस्ता आणि पाण्याची लाइन, मग ओसी' (म्हणजे राहायला जायची परवानगी) असं लिही, आणि रविवारी सकाळी ये, टेप माझ्याकडे आहे, तीस मीटरची.

काका