विंडोज ११ ला वेगळा अँटीव्हायरस घ्यावा का, की डिफेंडर पुरतो?

नवीन लॅपटॉपवर दुकानदार वर्षाचा अँटीव्हायरस घ्याच म्हणतोय, घेऊ का असं विचारलंय तुम्ही. घरच्या वापरासाठी नका घेऊ, विंडोजमध्येच फुकट येणारा डिफेंडर अँटीव्हायरस पुरतो. फक्त हिरवी टिक दिसली म्हणजे तो सगळं तपासतोय असं धरून चालू नका, हे मला काकांच्या कॉम्प्युटरवर कळलं.

काकांचं बडोद्याला दांडिया बाजारात रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस आहे. मशीनवर काही चालू नसलं तरी पंखा घरघर करायचा. विंडोज सिक्युरिटी उघडलं तर सगळं हिरवं, मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जला जाऊन पार खाली एक्सक्लूजन्स (डिफेंडरने काय तपासायचं नाही त्याची यादी) बघितलं तर तिथे अख्खा सी ड्राइव्ह! ज्याने अकाउंटिंगचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकून दिलं त्याने डिफेंडरने ते उडवू नये म्हणून ही सोय करून ठेवली होती. लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं सगळी त्यावर, मला धडकीच भरली. सी ड्राइव्ह यादीतून काढला, ऑफलाइन स्कॅन लावला (मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, १५ एक मिनिटं लागतात) तर मायनर (गुपचूप क्रिप्टो कमावणारा प्रोग्राम) निघाला, म्हणजे वीज काकांची आणि क्रिप्टोची कमाई दुसऱ्याची. मी तरी विंडोज नव्याने टाकलं आणि पासवर्ड सगळे फोनवरून बदलायला लावले.

तर तुम्ही आधी ती एक्सक्लूजन्सची यादी रिकामी आहे का बघा. दुकानदाराने ट्रायल टाकूनच दिली असेल तर ती असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो, अनइन्स्टॉल केली की परत चालू होतो. अपडेट पुढे ढकलू नका, वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) मे २०१७ मध्ये पसरला पण त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. फाईल एक्सप्लोररमध्ये फाईल नेम एक्सटेन्शन्स दाखवायला लावा, नाहीतर नोटीस.पीडीएफ.ईएक्सई (म्हणजे खरं तर प्रोग्राम) तुम्हाला नुसती नोटीस.पीडीएफ दिसेल आणि तुम्ही उघडाल. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस (अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फाईली बदलू न देणारी सोय) बंदच येतं ते चालू करा, कधी चांगलं सॉफ्टवेअरही अडवतं, तेव्हा तेवढ्यालाच अलाउ करायचं, पूर्ण बंद नाही.

आणि बॅकअप. काका आता दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेतात आणि वायर काढून डिस्क कपाटात ठेवतात, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाईलीपण लॉक करतं.