‘व्हायलेत’ म्हणाले आणि दोघं हसले

मावशी, नमस्कार. मी मूळची गंगाखेड तालुक्यातली, वय २९. शाळा जिल्हा परिषदेची, डिप्लोमा नांदेडला. सहा वर्षं झाली, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दर महिन्याच्या रिव्ह्यूला आमच्या लाईनचं रिजेक्शन मांडायचं काम माझं. मार्चमध्ये प्लांट हेडनी विचारलं, रिजेक्शन का वाढलं? मी म्हणाले, “बोअरमध्ये बर येऊन पार्ट रिजेक्ट व्हायलेत.” (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, बर म्हणजे ते पाडताना कडेला राहिलेली धातूची टोकदार कड.) समोरचे दोघं हसले. एकानं तर ‘व्हायलेत’ असं पुन्हा म्हणून दाखवलं. पुढचं मला सुचेचना. पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर थरथरत होता, तेवढंच आठवतं. तेव्हापासून चार रिव्ह्यू झाले. स्लाइड मी करते, बोलतो माझा ज्युनियर. आता सप्टेंबरात कस्टमरचं ऑडिट आहे. साहेब म्हणाले, असिस्टंट मॅनेजर व्हायचं असेल तर स्वतः उभं राहावं लागेल. रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. सकाळी शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर लोकांना मीच सगळं समजावते, तिथं काही होत नाही. लहानपणी वडिलांच्या मागं टाळ घेऊन कीर्तनात उभी राहायचे, तेव्हाही भीती नव्हती. मग आताच असं का? मला बोलता येत नाही हे मान्य करून दुसरी नोकरी बघू का?
— एक वाचक, चाकण

बाळा, नोकरी बदलू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. सकाळी लाईनवर ऑपरेटर लोकांना तू समजावतेस, हे वाक्य तू असं घाईनं लिहून टाकलंस जणू ते मोजायचंच नाही. वीसपंचवीस माणसं, त्यातली निम्मी वयानं तुझ्याहून मोठी, मागं मशीनचा आवाज, आणि काल काय चुकलं, आज काय करायचं हे तू त्यांच्या गळी उतरवतेस. हे चारचौघांत बोलणंच आहे. तेही अवघड प्रकारचं, कारण तिथं ऐकणाऱ्याला समजलं नाही तर दुपारपर्यंत बिनमध्ये वाईट माल दिसतो. तेव्हा ‘मला बोलता येत नाही’ हे वाक्य खरं नाही. एका ठरावीक खोलीत, ठरावीक माणसांसमोर तुझा आवाज अडकतो, एवढंच खरं आहे. आणि तो मार्चमध्ये अडकला, त्याआधी नाही.

म्हणून आधी त्या हसण्याचं बोलते. ते दोघं चुकले. तू चुकली नाहीस. ‘व्हायलेत’ ही चुकीची मराठी नाही, ती तुमच्याकडची मराठी आहे. जनाबाई तुझ्याच गंगाखेडच्या. नामदेवांचं नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. ज्या मुलखानं मराठीला ही माणसं दिली, त्या मुलखातल्या पोरीनं आपल्या क्रियापदाची लाज धरावी, हे मला सहन होत नाही. गाडगेबाबा वऱ्हाडीत बोलायचे. समोरच्यांना प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे, आणि शहरातल्या शिकलेल्या माणसांसकट सगळे ऐकत बसायचे.

हेही सांगते, की मीटिंगमध्ये तू प्रमाण मराठी बोललीस, हिंदी मिसळलंस, तरी त्यात बोलीशी बेइमानी नाही. प्रसंग पाहून भाषा सगळेच बदलतात. फक्त ते समोरच्याला समजावं म्हणून असू दे, घाबरून नको. पुन्हा कुणी शब्द म्हणून दाखवला तर शांतपणे म्हण, “हो, आमच्याकडे असंच म्हणतात. तर बर कुठं येतोय ते पाहू,” आणि पुढं चालू लाग. आवाज चढवू नकोस, खुलासाही देऊ नकोस. तुझ्या साहेबांनाही एकदा एकट्यानं भेटून मार्चमध्ये काय झालं ते सांग. तू गेले चार महिने का मागं सरलीस हे त्यांना बहुधा माहीतच नाही. त्यांना वाटत असेल, हिला पुढं यायचंच नाही.

आता थरथरीचं. शरीराला धोका वाटला की ते अॅड्रेनलिन सोडतं. छातीत धडधडतं, लाळ कमी होऊन तोंडाला कोरड पडते, हातापायांत कंप येतो. कुत्रं अंगावर आलं तर हेच होतं. धोका खरा नाही हे शरीराला कळायला थोडा वेळ लागतो, आणि बहुतेकांची ही लाट पहिल्या काही मिनिटांत ओसरते. म्हणजे तुला सांभाळायची आहेत ती पहिली दोन-तीन मिनिटंच. आत जाण्याआधी श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. पाण्याची बाटली जवळ ठेव. आणि तो पॉइंटर ठेवून दे. कंप दाखवायला त्याच्याइतकी वाईट वस्तू नाही, बोट केसभर हललं तरी ठिपका पडद्यावर वीतभर नाचतो. त्याऐवजी रिजेक्ट झालेला पार्ट हातात घेऊन उभी राहा. हाताला वजन मिळतं, नजरेला जागा मिळते, आणि खोलीतल्या सगळ्यांचे डोळे तुझ्या चेहऱ्यावरून पार्टवर जातात. लाईनवर तू हेच करत असणार.

शिवाय तुला वाटतं तेवढं ते बाहेर दिसतही नाही. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करणाऱ्यांना स्वतःची घबराट जेवढी उघडी पडली असं वाटत होतं, तेवढी ऐकणाऱ्यांना ती दिसलीच नव्हती. आणि ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधी सांगितली, ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. म्हणून मीही तुला आधीच सांगून ठेवते आहे.

ज्युनियरला पुढं करण्याबद्दल मात्र मला थोडं कडक बोलायचंय. तो बोलायला उठला की तुला सुटल्यासारखं वाटतं ना? ते सुटणंच भीतीचा खुराक आहे. एक रिव्ह्यू टळला की पुढचा आणखी मोठा दिसतो. हे मी स्वतः भोगलंय. बँकेत असताना एका आढावा बैठकीत थकीत कर्जाचे आकडे वाचता वाचता माझा आवाज गेला आणि मी खाली बसले. त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीच्या दिवशी काहीतरी कारण काढलं. भीती त्या दोन वर्षांत वाढली, त्या एका दिवशी नाही. ती कमी झाली तीही एका दिवसात नाही. मी आधी फक्त माझ्या शाखेचे तीन आकडे बसल्या जागेवरून सांगायला लागले, मग उभी राहून, मग पुढं जाऊन.

तूही तसंच कर. ऑगस्टच्या रिव्ह्यूत अख्खं सादरीकरण परत घेऊ नकोस. एकच स्लाइड घे, ज्यात सगळ्यात जास्त आलेला दोष आणि त्याचं कारण आहे. बाकीचं ज्युनियरला बोलू दे. त्याच्याकडून सगळं काढून घेतलंस तर त्याच्यावर अन्याय होईल, आणि तुझ्यावरही ओझं येईल. पुढच्या महिन्यात दोन घे.

आणि मांडायचं कसं, ते तू लहानपणीच पाहिलंयस. कीर्तनकार काय करतो? आधी अभंग घेतो. ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच कळतं की आज हे सांगायचंय. मग चरण धरून निरूपण, मग दृष्टांत, आणि फिरून पुन्हा त्याच चरणावर. आपण ऑफिसात नेमकं उलटं करतो. आधी महिनाभराचा इतिहास, मग तक्ते, मग आलेख, आणि मुद्दा शेवटी. तोवर प्लांट हेडचा धीर संपलेला असतो, मध्येच प्रश्न येतो, आणि आपण कोसळतो. तू चरण आधी घे. समजा, ड्रिल झिजूनही वेळेवर बदललं गेलं नाही म्हणून बर येत होता, तर पहिली वाक्यं एवढीच: “गेल्या महिन्यात बोअरच्या बरमुळे रिजेक्शन वाढलं. ड्रिल ठरलेल्या नगांनंतर बदललं जात नव्हतं. आता मशीनवर काउंटर लावलाय, पंधरा दिवसांत फरक दाखवते.” झाला अभंग. मग आकडे, ते निरूपण. मग हातातला पार्ट, तो दृष्टांत. शेवटी परत काउंटरवर ये आणि थांब.

ही पहिली तीन वाक्यं तेवढी घोकून ठेव, कारण लाट त्याच वेळी असते. बाकी काही पाठ करू नकोस. पाठ केलेल्यात एक शब्द निसटला की पुढची अख्खी माळ ओघळते, मार्चमध्ये तुझं तेच झालं असावं. एका छोट्या कार्डावर चार-पाच शब्द लिही. घरी उभं राहून मोठ्यानं बोल, मनातल्या मनात नाही. मग लाईनवरच्या दोघा ऑपरेटरना चहाच्या वेळात ऐकव. त्यांना समजलं तर साहेबांनाही समजेल. एखादा प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसलं, तर “हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, चार वाजेपर्यंत पाठवते” असं म्हण आणि चारच्या आत पाठव. या एका सवयीनं माणसाचा शब्द ऑफिसात वजनदार होतो.

ऑडिटला तू सगळ्यात जास्त घाबरली आहेस, पण मला ते रिव्ह्यूपेक्षा सोपं वाटतं. तिथं भाषण नसतं. ऑडिटर विचारतो, तू नोंद दाखवतेस. विचारलं तेवढंच सांग, कागद समोर ठेव, गप्प राहा. तो इंग्रजीत बोलला तर छोटी वाक्यं कर. बर, बोअर, गेज, कंट्रोल प्लॅन हे शब्द तुझ्या जिभेवर आहेतच, मध्ये दोन-तीन क्रियापदं लागतात. अडलीस तर हिंदीत सांगू का, असं सरळ विचार.

तुमच्याकडे क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातले दोष एकत्र बसून सोडवणारा कामगारांचा छोटा गट, असेल तर त्यात शिर. या सर्कलच्या स्पर्धांत ऑपरेटर मंडळी आपली केस स्टडी मराठीत मांडतात, परीक्षक समोर बसलेले असतात. त्यांची तयारी करून घ्यायला तू पुढं हो. दुसऱ्याला उभं करताना आपलं अंग आपोआप सैल होतं. पुण्यात टोस्टमास्टर्सचेही बरेच क्लब आहेत, तिथं पाच-सात मिनिटांची भाषणं घड्याळ लावून करतात, जमलं तर जाऊन ये. पण तुझ्यासाठी मला सर्कल जास्त योग्य वाटतं.

रात्री दोनला जाग येते त्याकडे दुर्लक्ष करू नकोस. एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप आली नाही, तर समुपदेशकाकडे जा. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा फोन क्रमांक आहे, तिथं मोफत आणि मराठीतही बोलता येतं. आणि कुणी मैत्रिणीनं “ही गोळी घे, धडधड थांबते” म्हणून काही दिलं तर घेऊ नकोस. तसली औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नसतात, दमा असलेल्यांना त्यातली काही घातक ठरतात.

उद्या सकाळी लाईनवर बोलशील तेव्हा मोबाइल खिशात ठेवून स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर. संध्याकाळी घरी ऐक. ऑगस्टच्या रिव्ह्यूत उभी राहणार आहेस ती तीच पोरगी. रिव्ह्यू झाला की त्याच दिवशी मला लिही, पहिली तीन वाक्यं कोणती बोललीस ते.

तुझी,
मावशी