कागदावरची गोधडी: कागद कुठला घ्यावा?

प्रश्न: गोधडीसाठी चांदणीचे चौकोन करते. नक्षी कागदावर छापायची, मागून कापड लावायचं आणि छापलेल्या रेघेवर टीप मारायची, अशी पद्धत. कागद झेरॉक्सचा, ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम). शेवटी कागद फाडताना टाके उसवतात, कोपऱ्यांत कपटे अडकतात. दुसरा कुठला कागद घेऊ? (वाचक, लातूर)

उत्तर: कागदाआधी टाका बघा. ब्लाउज शिवायचा टाका तसाच ठेवला असेल, तर सुईची भोकं लांब लांब पडतात. कागद रेघेवर फाटत नाही आणि सगळी ओढ दोऱ्यावर येते. इंचाला १५ ते १८ टाके बसू द्या. मिलिमीटरचे आकडे असलेल्या मशीनवर १.५. सुई १४ नंबरची. याहून बारीक टाका नको. कागद अर्ध्यातच सुटतो आणि चुकलेली टीप उसवताना कापड जातं.

आता कागद. छापखान्यात कोरा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा न छापलेला कागद, मिळतो का विचारा आणि ए-४ आकारात कापून घ्या. मऊ असतो, इस्त्री सोसतो, भोकांवर सहज फाटतो. आमची पहिली पसंती हीच. वाचून झालेलं वर्तमानपत्र मात्र वापरू नका; त्याची शाई फिक्या सुती कापडावर उतरते. झेरॉक्सचा कागद अगदीच टाकाऊ नाही. चार-पाच मोठे तुकडे आणि लांब सरळ रेघा असतील तिथे चालतो. चांदणीच्या टोकाशी आठ तुकडे एकत्र येतात, तिथे तो जाड पडतो. ट्रेसिंग पेपरमधून आरपार दिसतं खरं, पण इस्त्री लागली की तो गुंडाळतो. स्वयंपाकाचा बटर पेपर छपाईची शाई धरत नाही.

कुठलाही कागद घेण्याआधी एका कपट्यावर दोन इंच टीप मारून बघा. टिपेवर घडी घालून नखाने दाबा आणि ओढा. टीप जागची हलली नाही आणि कागद सरळ फाटला, तर तो कागद तुमचा.

फाडण्याची घाई करू नका. शेजारचे चौकोन जोडून होईपर्यंत कागद राहू द्या, नाहीतर तिरक्या कापडाच्या कडा ताणल्या जातात. जोडल्यावर आधी मायेतला, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कडेतला, कागद काढा. मग टिपेवर अंगठा दाबून धरा आणि कागद टिपेच्या बाजूला ओढा, वर नाही. कोपऱ्यातला कपटा ओल्या कापसाने भिजवा, चिमट्याने निघतो. इंकजेटची छपाई असेल तर पाणी लावू नका, शाई पसरते. वाफेची इस्त्रीही नको.

प्रश्न: पातळ कागद प्रिंटरमध्ये अडकतो. (वाचक, परभणी)

उत्तर: मग छापूच नका. एक नक्षी जाड कागदावर छापा. आकार १०० टक्के ठेवा आणि रेघ पट्टीने मोजा. तिच्याखाली न्यूजप्रिंटचे आठ-दहा कागद टाचण्या लावून पक्के करा आणि दोरा न ओवता रेघांवर मशीन चालवा. भरतकामाचा खाका टोचतात तसंच. सगळ्या कागदांवर भोकांची नक्षी उमटते, शिवताना रेघ दिसते आणि फाडायलाही सोपं जातं. तुकड्यांचे क्रमांक तेवढे हाताने लिहा. या कामाला जुनी सुई वापरा, कागदाने सुईची धार जाते.

प्रश्न: पक्ष्याचं तोंड उलटीकडे आलं. कागद चुकला का? (वाचक, उदगीर)

उत्तर: नाही. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला असतं, म्हणून नक्षी आरशासारखी उलटते. पक्षी किंवा अक्षर असेल तर नक्षी आधीच उलटी करून छापा.