'यहुदी' की 'ज्यू'? आणि मग चेऊलकर कोण?

प्रश्न असा होता की जुन्या पिक्चरचं नाव 'यहुदी', पेपरात मात्र कायम 'ज्यू', तर दोन्ही एकच का, आणि मराठीत बरोबर कुठला?

एकच. मूळ हिब्रू, येहुदा या नावावरनं. तोच शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला तो यहुदी आणि ग्रीक, लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीतून आला तो ज्यू, वाटेत इतका झिजला की ओळखू येत नाही. हिंदीत यहूदी, हू दीर्घ. मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीचा उकार ऱ्हस्व (पाहुणा आठवा), म्हणून यहुदी. बोलताना ज्यू सोपा पडतो, 'यहुद्यांनी'पेक्षा 'ज्यूंनी' पटकन तोंडात बसतं. यहुदी म्हटलं की मला तरी लगेच नाटकाचा पडदा, दाढी, झगा असलंच काहीतरी दिसतं, आणि त्याला कारण तो पिक्चरच आहे. बिमल रॉयचा, 1958 चा, आगा हश्र काश्मिरींच्या उर्दू नाटकावरून घेतलेला, गोष्ट रोमन काळातली.

आता गंमत बघा. त्यातली ज्यू मुलगी हॅना म्हणजे मीनाकुमारी. आणि रोमन राजकन्या म्हणजे निगार सुलताना. खरी ज्यू असलेली नादिरा (मूळ नाव फ्लोरेन्स इझिकेल, बगदादकडून आलेल्यांपैकी, म्हणजे बगदादी ज्यू) त्या पिक्चरमध्ये नव्हतीच! पुढे 'ज्युली'साठी तिला फिल्मफेअर मिळालं ते मार्गारेट नावाच्या ख्रिश्चन आईच्या रोलचं. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा म्हणजे डेव्हिड, तोही ज्यू, त्यालाही फिल्मफेअर, आणि पात्र परत ख्रिश्चनच. त्याच्याही आधी ज्यू नट्यांमध्ये पडद्यासाठी रुबी मायर्सची सुलोचना झाली होती, एस्थर अब्राहमची प्रमिला. म्हणजे पडद्यावर यहुदी शब्द होता, पडद्यामागे माणसं होती, पण दोघांची गाठ क्वचितच पडली.

डेव्हिडचं आडनाव चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. हे कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायल, अर्थ इस्रायलची लेकरं, घरात मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमकर. 'आलम आरा' लिहिणारे जोसेफ डेव्हिडसुद्धा पेणकरच. यांना गावात ना कोणी यहुदी म्हणायचं ना ज्यू, म्हणायचे शनवार तेली. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, शब्बाथ ना, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार! मला विचाराल तर तिन्हीतला हा सगळ्यात अस्सल शब्द, कारण पुस्तकात वाचून नाही, शेजारी बघून पडलेलं नाव आहे. अर्थात आज कुणाला तोंडावर तसं म्हणू नका, जातीचं नाव लावल्यासारखं वाटू शकतं.

तर लिहिताना धर्माबद्दल किंवा जगातल्या ज्यूंबद्दल असेल तर ज्यू लिहा, यहुदीही चूक नाही, बायबलच्या मराठी भाषांतरात तोच सापडेल. कोकणातल्या मंडळींबद्दल असेल तर सरळ बेने इस्रायल. फक्त त्यांना 'इस्रायली' लिहू नका, तो आता त्या देशाचा नागरिक झाला, आणि नादिराला तर बेने इस्रायलही नको, ती बगदादी. ही चूक सिनेमावरच्या लेखांत मी बऱ्याचदा बघितलीय.