फ्रीजर बिघडलेला नाही, मेकॅनिकला बोलावू नका

व्होडका आठवडाभर फ्रीजरमध्ये पातळच राहिली आणि शेजारची बियर एका रात्रीत फुटली, म्हणून तुम्ही कंपनीला फोन करायला निघालाय. थांबा. हेच करून मी अठराशे रुपये घालवलेत.

एका मे महिन्यात मेव्हण्याने गोव्यातल्या सत्तरीहून हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, आणली. (परवान्याचं ज्याचं त्याने बघावं, मी त्यात पडत नाही.) हुर्राक टिकत नाही, महिनाभरात तिची मजा जाते. फेणी आमच्या फ्रीजरमध्ये वर्षभर होती, कधी गोठली नाही. म्हटलं, ही तिचीच धाकटी बहीण. हवा लागू नये म्हणून काचेच्या बाटल्या अगदी गळ्यापर्यंत भरल्या आणि ठेवून दिल्या. खरी चूक ती, गळ्यापर्यंत भरण्याची. सकाळी बाटली उचलली तर बूड खालीच राहिलं. चुऱ्यासारखा बर्फ मटारात, सुरमईच्या तुकड्यांत, सगळीकडे. त्यात काचा. सगळं फेकलं.

कस्टमर केअरवाल्या बाईंनी 'आत काय ठेवलं होतं' हे विचारलंसुद्धा नाही. माणूस आला, 'कूलिंग जास्त होतंय' म्हणाला, थर्मोस्टॅट बदलून गेला. नव्या थर्मोस्टॅटवरही काटा उणे १८ वरच. तो तिथेच असायला हवा!

पाणी शून्याला गोठतं, शुद्ध अल्कोहोल उणे ११४ ला. मिश्रण मधे कुठेतरी, पण सरळ हिशोबाने नाही. पाच टक्क्यांची बियर उणे दोन-अडीचला धरू लागते, वाईन उणे पाचच्या आसपास. हुर्राक पहिल्या वाफेची, साधारण पंधरा टक्के, म्हणजे उणे सहाच्या जवळपास. फेणी पुन्हा गाळलेली, ४२.८ टक्के, तिला उणे तिसाच्या आसपास जावं लागतं, घरचा फ्रीजर तिथे पोचतच नाही. आकडे ढोबळ आहेत, साखरेनेही फरक पडतो. मी केमिस्ट नाही, पोळलेला माणूस आहे.

आणखी एक. आधी गोठतं ते बहुतेक पाणीच, उरलेला द्रव कडक होत जातो. त्यामुळे अर्धवट गोठलेल्या बाटलीतून वर सुटलेलं पातळ तेवढं ओतून 'बियरच आहे' म्हणून पिऊ नका. फुटलेल्या बाटलीतलं तर गाळूनही नको. माझे मामेसासरे फडक्यातून गाळायला निघाले होते, त्यांच्याशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

बियर घाईने गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. कुल्फीवाला हंडीभोवती घालतो तेच. बाटली त्यात फिरवत राहा, पंधरा मिनिटं पुरतात. मात्र तिथेही विसरून क्रिकेट बघत बसलात तर तीच गत, खारट बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. आणि फ्रीजर पुसताना काचेसाठी हात घालू नका, कणकेचा गोळा दाबून फिरवा.